अभियंत्यांच्या घरी मानव्यविद्या

अभियांत्रिकी महाविद्यालयात साहित्य शिकवणाऱ्याला पाहुण्याचा मान मिळतो. घरातल्या निर्णयांत मात्र त्याला कोणी विचारत नाही. आपल्यापैकी अनेकांनी ही अवस्था मुकाट्याने पत्करली आहे. म्हणूनच, मानव्यविद्यांना या घरी बोलावले कोणी, हे इतिहासात जाऊन पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

सिल्व्हेनस थेयर हा अमेरिकन लष्करी अभियंता. १८०७ साली तो डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला, मग वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकला आणि १८१७ ते १८३३ या काळात तिचा प्रमुख राहिला. १८६७ मध्ये त्याने देणगी दिली ती डार्टमथला, अभियांत्रिकीची शाळा काढण्यासाठी. व्यापक शिक्षणाचा पाया आधी, व्यवसायशिक्षण त्यावर, ही त्याची धारणा होती. आजही तेथे अभियांत्रिकीचा विद्यार्थी ए.बी. ही पदवी घेतो आणि बी.ई. तिला जोडून येते.

दुसरा प्रयोग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा. युद्धकाळात याच संस्थेत रडारचे मोठे संशोधन झाले होते; १९४५ मध्ये जगाने अणुबॉम्बही पाहिला. १९४७ साली संस्थेने आपल्या शिक्षणक्रमाच्या फेरविचारासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते रसायन अभियंता वॉरन लुइस. पिढीपुढचे बिकट प्रश्न केवळ यंत्रविद्येने सुटणारे नाहीत, असा १९४९ च्या अहवालाचा सूर होता. त्यातून १९५० मध्ये मानव्यविद्या व सामाजिक अभ्यासांची स्वतंत्र शाखा उभी राहिली. आज तेथील प्रत्येक पदवी-विद्यार्थ्याला या क्षेत्रांतले किमान आठ विषय घ्यावे लागतात.

आपल्याकडे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ मध्ये बी.ए. झाले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले. हा जोड मात्र एका व्यक्तीच्या वाटचालीचा; अभ्यासक्रमाचा नव्हे. पुढे सरकार समितीने उच्च तंत्रशिक्षणासाठी मॅसॅच्युसेट्सचा आदर्श समोर ठेवला, १९५१ मध्ये खरगपूरची आयआयटी सुरू झाली, आणि आयआयटींत मानव्यविद्यांचे विभागही आले.

या इतिहासात एक गोष्ट डोळ्यांत भरते. थेयर आणि लुइस, दोघेही अभियंते. साहित्याच्या प्राध्यापकांनी दार ठोठावले म्हणून ते उघडले असे नव्हे. आपल्या विद्येची मर्यादा ज्यांना जाणवली त्यांनीच ते आतून उघडले. आणि हे आमंत्रण विद्यार्थ्यांचे संभाषणकौशल्य सुधारण्यापुरते नव्हते. पूल कोठे बांधावा, धरणाखाली कोणाचे गाव जावे, हे प्रश्न गणिताने संपत नाहीत. त्यासाठी दुसऱ्याच्या दुःखाची कल्पना करता यावी लागते, आणि ती सवय साहित्य लावते.

तेव्हा अर्जलेखन शिकवून आपण समाधान मानले, तर दोष केवळ यजमानाचा म्हणता येणार नाही. बोलावणे कशासाठी होते, याचा विसर पाहुण्यालाही पडला, असेच म्हणावे लागेल.