तानसाचे पाणी आणि मोहाचे फूल

बिअरचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींत फार लवकर देशांची नावे येऊ लागतात. चेक बिअर हलकी पण नेमकी कडवट, जर्मन बिअर शिस्तीची, बेल्जियन बिअर फळांची नि मसाल्यांची आठवण देणारी, इंग्रजी एल कोमट आणि आयरिश स्टाउट काळीकभिन्न. आम्हीही या चर्चांत भाग घेतलेला आहे, आणि आमची आवड विचारलीच तर ती पिल्सनरकडे झुकते, हेही सांगून टाकतो. मुरबाडच्या बाजूला शिकवीत असताना एकदा ‘एकच प्याला’वर तास चालू होता. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर वर्ग मनमुराद हसला. मग मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे लोक नक्की काय पीत होते? विलायती की मोहाची?” प्रश्न भाबडा नव्हता. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर 1919 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातले पिणारे शहरातले आणि शिकलेले आहेत. त्याच काळात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जे प्यायले जात होते, त्याची हकीकत शोकांतिका म्हणून लिहिली गेली नाही. ती आबकारी खात्याच्या कागदांत गुन्हा म्हणून उरली.

आवडीनिवडीची तुलना करायची तर पदार्थ एका जातीचे हवेत. बिअर आंबवलेली असते, ऊर्ध्वपातन केलेली नसते. त्या अर्थाने आपल्याकडे तिची खरी बहीण मोहाची दारू नव्हे, ताडी होय. ताड, माड किंवा शिंदीच्या रसातले मद्यार्काचे प्रमाण साधारण बिअरइतकेच भरते. फरक आहे तो वेळेचा. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते, दुपारपर्यंत तिला फेस चढून ती ताडी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिची वाटचाल शिरक्याकडे सुरू झालेली असते. जाणकाराची आवडनिवड येथे देशावर नाही, घटकेवर ठरते. कोणाला न्याहारीच्या वेळची रुचते, कोणाला उन्हे कलल्यावरची आंबूस. एवढी सूक्ष्म रुची ज्या पेयाभोवती घडली त्याला ‘चव’ या सदरात कोणी नोंदवले नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. ताडी बाटलीत टिकत नाही, आणि जे टिकत नाही त्याचा व्यापार दूरवर जात नाही.

बिअरही पूर्वी अशीच गावची, नासणारी वस्तू होती. 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी लागर गाळली. तिच्या मऊ चवीचे श्रेय मोठ्या अंशी तिथल्या अत्यंत मृदू पाण्याला दिले जाते. इंग्लंडातल्या बर्टनचे पाणी उलट जिप्समयुक्त, जड; तिथली पेल एल त्यामुळेच कडवटपणा खणखणीत पेलते. 1876 साली पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ आला, 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सनने यीस्टची शुद्ध वाढ करून दाखवली, पुढे बर्फयंत्रे आली. बिअर टिकाऊ झाली आणि तेव्हापासून ‘अमुक देशाची बिअर’ हे वाक्य अर्थपूर्ण झाले. आपण ज्याला राष्ट्रीय चव म्हणतो, त्यात पाण्याचा, विज्ञानाचा आणि कायद्याचा वाटा असा मिसळलेला आहे. बव्हेरियाचा 1516 चा प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा घ्या. जव, हॉप्स आणि पाणी एवढेच वापरावे, असे त्याने सांगितले; गहू पाववाल्यांसाठी राखून ठेवावा हाही हिशेब त्यामागे होता, असे मानतात. म्हणजे कायद्याने चव घडवली. ठाणे जिल्ह्यात कायद्याने काय केले ते आता पाहू.

मद्यावर राज्याचा डोळा असणे ही इंग्रजांची नवलाई नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा अधिकारीच आहे, आणि तांदूळ व किण्व घालून केलेले ‘मेदक’ हे बिअरशी नाते सांगणारे पेयही त्याच्या यादीत आहे. परंतु त्याच अध्यायात उत्सव, मेळे आणि यात्रा यांसाठी चार दिवस सुरा गाळण्याची मोकळीक दिलेली आहे. खजिना भरावा, पण माणसाच्या सणाला त्याचे पेय असावे, एवढा व्यवहार त्या कठोर ग्रंथकाराला कळत होता. मोहाच्या बाबतीत तर साहित्याची साक्ष आहेच. हालाच्या गाथासप्तशतीत मोहाची झाडे आणि फुले पुन्हा पुन्हा येतात, आणि महाराष्ट्री प्राकृतातला ‘महुअ’ आजच्या ‘मोह’मध्ये जवळपास जसाच्या तसा ऐकू येतो.

1878 चा मुंबई आबकारी कायदा मात्र निराळ्या जातीचा होता. त्याने ताडीच्या झाडांवरील कराची घडी बसवली, घरोघरी व गावोगावी चालणाऱ्या लहान भट्ट्या बेकायदा ठरवल्या आणि गाळप मोठ्या भट्ट्यांच्या व मक्तेदारांच्या हाती एकवटले. उरणला पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या. तेथे मोहाचीच दारू गाळली जात असे, पण त्यासाठी मोह येई तो पंचमहालासारख्या दूरच्या प्रदेशांतून. माहुलीच्या पायथ्याला जो मोह झाडाखाली पडे, तो वेचणाऱ्या ठाकराने वा कातकऱ्याने त्याची दारू केली तर गुन्हा, आणि परक्या मोहाची उरणची दारू दुकानातून विकत घेतली तर महसूल. एवढ्यानेही चोरट्या भट्ट्या थांबेनात. मग 1892 साली मोहाचा स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठवणीवर नि व्यवहारावरच निर्बंध आले. हा कायदा दारूवर नव्हता, फुलावर होता. ही गोष्ट येथे थांबून लक्षात घेण्याजोगी आहे. मोहाचे फूल वाळवून ठेवले की पावसाळ्याच्या तुटीत ते अन्न असते. शिजवून खातात, भाकरीत मिसळतात, गुरांना घालतात. ज्या घरात भात संपलेला असे, त्या घरात मोहाची टोपली ही चोरीची वस्तू ठरू लागली. जवाची पोती बाळगली म्हणून बव्हेरियातला शेतकरी गुन्हेगार ठरला असता काय, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

आणि त्याच 1892 साली शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध नाही, तसा आमचा दावाही नाही. पण बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि पाण्यावरूनच पिल्झेन व बर्टन यांची कीर्ती झाली, हे मान्य केले तर मुंबईच्या बिअरचे मूळ गाव शहापूर मानावे लागेल. तानसा, मोडक सागर, भातसा ही तिन्ही जलाशये याच तालुक्यातली. आज मुंबईतल्या छोट्या ब्रुअरींत जी बिअर ताजी म्हणून कौतुकाने प्यायली जाते, तिच्यात हे पाणी असते. तिच्या पाटीवर जव कुठले, हॉप्स कुठले, हे लिहिलेले आढळते. पाणी कुठले ते आम्ही तरी कुठे वाचलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बलसारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, गाभा टिकला. पुढे शहरी पिणाऱ्यासाठी परवान्याची वाट रुंद होत गेली, बिअर बार गल्लोगल्ली आले, आणि जिभेची नव्हे तर चढण्याची किंमत लावणारी ‘स्ट्राँग’ बिअर देशभर सर्वांत जास्त खपू लागली. (पिल्सनरच्या चाहत्यांना हे दुःख सहन करावे लागते.) मोहफूल मात्र या नव्या कायद्यातही नियंत्रणाखालीच राहिले. चोरून गाळायचे तर मोहाची टोपली जवळ नको, म्हणून गूळ आणि नवसागर आले. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मूळचा चवीचा आणि कसाचा. हातभट्टीच्या काळात तो केवळ विनोदाचा झाला. विषारी दारूने मुंबईत 2004 साली विक्रोळीत आणि 2015 साली मालवणीत अनेक बळी घेतले. मरणारे बहुतेक गरीब होते.

येथे आमच्यावर आक्षेप येईल, आणि तो यावाच. मोहाच्या दारूला संस्कृती म्हणून गौरवणारे बहुधा तिच्यासाठी मार खाणाऱ्या बाईच्या घरी राहिलेले नसतात. जोतीराव फुल्यांनी 1880 साली पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिले, ते गरिबांचे संसार पाहूनच. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उतरलेल्या बायकांना चवीच्या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. वीटभट्टीवर आगाऊ उचल घेऊन गेलेल्या कातकरी कुटुंबाची उचल कशात जाते, हेही आम्ही जाणून आहोत. परंतु फुल्यांचा रोख दुकानांवर होता, आणि दुकान हीच तर 1878 नंतर फोफावलेली वस्तू होती. सणाला आणि लग्नाला घरी गाळली जाणारी दारू आणि रोज रोख पैशाने मिळणारी दारू यांत केवळ कायदेशीरपणाचा फरक नाही, पिण्याच्या रीतीचाच फरक आहे. रीत मोडली ती कायद्याने; दोष मात्र पिणाऱ्याच्या जातीला चिकटला.

इतरत्र काय झाले तेही पाहावे. बव्हेरियन बिअरला 2001 साली आणि चेक बिअरला 2008 साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2016 साली गोवा सरकारने फेणीला वारसा-पेय म्हटले. त्याच वर्षी बेल्जियमची बिअर-संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. महाराष्ट्रात 2021 साली मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरील निर्बंध उठवण्याचा निर्णय झाला. 1892 पासून मोजले तर मध्ये 129 वर्षे गेली. फूल मोकळे झाले. परवान्याशिवाय गाळणे अर्थातच गुन्हा राहिले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही तेव्हा उत्तर दिले होते की नाटकातले लोक विलायती पीत असावेत. तो म्हणाला, “मग नाटक होणारच.” चैत्रात त्याच्या गावी गेलो, तेव्हा मोहाखालची जमीन पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली होती आणि पहाटेच्या अंधारात बायका फुले वेचीत होत्या. त्याच्या आजीने आमच्या तळहातावर दोन ताजी फुले ठेवली. ती आधी गोड लागली, मग जरा उग्र.