कचारगड
महाराष्ट्र राज्याच्या गोंदिया जिल्ह्यातील गोंडांचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र. ते सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकानजीकच्या डोंगररांगेत वसले आहे. पायथ्याशी धनेगाव ही लहानशी वस्ती असून परिसर दाट वनाचा व विरळ लोकवस्तीचा आहे. धानशेती, मोहफुले व तेंदूची पाने यांवर येथील लोकांचा निर्वाह चालतो.

गड असे नाव असले, तरी या स्थानाचे महत्त्व तटबंदीमुळे नसून डोंगरातील नैसर्गिक गुहांमुळे आहे. मुख्य गुहेस आशियातील सर्वांत मोठी गुहा म्हटले जाते. पण मेघालयातील गुहा लांबीने तिच्याहून कितीतरी मोठ्या असल्याने हे वर्णन भक्तिभावाचे समजावे. गोंडी भाषेत ‘कच्ची’ म्हणजे लोखंड. त्यावरून या नावाचा संबंध लोहखनिजाशी जोडतात.

स्थानिक परंपरेनुसार काली कंकालीच्या तेहतीस मुलांचा सांभाळ जंगो रायताड हिने केला. पुढे शंभूने त्यांना येथील गुहेत कोंडून तोंडावर शिळा ठेवली. पारी कुपार लिंगोच्या प्रेरणेने हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजविली. त्या सुरांनी मुलांना बळ आले व त्यांनी शिळा लोटली. परंतु हिरासुका तिच्याखाली चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची, दीक्षा दिली. सगा व गोत्र यांची विवाहनियामक व्यवस्थाही त्याच्याच नावे सांगतात.

या कथेचा जुना मुद्रित पाठ वेगळा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदविलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गोंडांना कोंडणारा महादेव असून, त्यांच्या सुटकेसाठी लिंगोला बिंदो पक्ष्याची पिले आणावी लागतात. संगीताचा प्रसंग त्या जागी नाही. काचीकोपा लोहागड या स्थळाचा तेथे उल्लेख आहे. हे स्थळ म्हणजेच कचारगड, असे मत मोतीरावण कंगाली (मृ. २०१५) यांनी मांडले, अन्य काहींनी ते सातपुड्यात पचमढीकडे कल्पिले आहे. गीतात भूगोल व पुराण एकमेकांत मिसळलेले असल्याने केवळ नामसाम्यावरून निर्णय करणे कठीण आहे. तथापि कंगालींच्या मांडणीचा सामाजिक परिणाम मोठा झाला. १९८०–९० या दशकात त्यांनी व ‘गोंडवाना दर्शन’ या नियतकालिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम प्रभृतींनी माघ पौर्णिमेच्या यात्रेस संघटित रूप दिले आणि एक आडवळणाचे स्थान अखिल गोंड समाजाच्या अस्मितेचे केंद्र बनले.

हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलात आला व पुढे मध्य प्रांतात मोडू लागला. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यास व १९६० मध्ये महाराष्ट्रास मिळाला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. प्रांतांच्या सीमा अशा बदलत गेल्या, तरी गोंडांची सोयरीक त्यांना ओलांडून चालू राहिली; त्यामुळे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण येथूनही भाविक येतात. यात्रेत देवांच्या पालख्या निघतात, ‘जय सेवा’चा घोष होतो आणि सगा-गोत्रांच्या ओळखी पटवून सोयरिकी जुळविल्या जातात. भाषा, धर्मनोंद व वनहक्क यांवरील चर्चाही येथेच होतात. एरवी शांत असलेले धनेगाव त्या काही दिवसांत माणसांनी फुलून जाते. जवळच हाजरा धबधबा आहे.