शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी: शेवटचा पंचम

आज एकच कृती घेऊया. दिमित्री शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी, लेनिनग्राड, १९३७.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन त्याचा ‘लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा बघायला गेला आणि संपायच्या आत उठून गेला. दोनच दिवसांनी ‘प्रावदा’त बिननावाचा लेख आला: हे संगीत कसलं, हा तर गोंधळ. त्या काळात अशी टीका म्हणजे नुसता वाईट अभिप्राय नव्हे. शोस्ताकोविचने आपली चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घेतली. ती वाजली थेट १९६१ मध्ये. त्याचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्हस्की याला जून १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. पाचवी लिहिणं चालू होतं ते नेमकं याच महिन्यांत.

वरवर बघाल तर साचा अगदी जुना आहे. चार भाग, बेथोव्हेनसारखे. डी मायनरमध्ये सुरुवात, डी मेजरमध्ये शेवट, म्हणजे अंधारातून उजेडाकडे. सरकारला हवा तसाच! पहिल्या भागात खालच्या आणि वरच्या तंतुवाद्यांची टोकदार उड्या मारणारी सवाल-जवाबी, मग व्हायोलिनवर लांबलचक स्वरांची शांत धून. पुढे पियानो घुसतो आणि बघता बघता त्याच सुरांचं लष्करी संचलन होतं. दुसरा भाग खट्याळ आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही.

तिसरा भाग, लार्गो. इथे पितळी वाद्यं पूर्ण गप्प. तंतुवाद्यं आठ भागांत विभागलेली. २१ नोव्हेंबर १९३७ ला म्राविन्स्कीने ही सिंफनी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा या भागात लोक उघडपणे रडले. त्या वर्षी घरातलं माणूस उचलून नेलं तरी चारचौघांत रडायची सोय नव्हती, हे लक्षात घ्या.

आणि मग शेवटचा भाग, जिथे खरा वाद आहे. पितळी वाद्यं जी धून घेऊन येतात, तिचे पहिले चार स्वर आपल्या भाषेत, डी ला सा धरला तर, मंद्र पंचम, सा, रे, कोमल गंधार. शोस्ताकोविचने पुश्किनच्या एका कवितेला नुकतीच चाल लावली होती, तिची सुरुवातही याच स्वरांची. कवितेचा आशय असा: एक रानटी चित्रकार एका प्रतिभावंताच्या चित्रावर रंग फासतो, पण काळाबरोबर तो रंग गळून पडतो. हे गाणं तेव्हा श्रोत्यांना माहीत नव्हतं. पुढे एका शांत जागी त्याच गाण्याची साथसंगतही ऐकू येते. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

शेवटाला गंधार शुद्ध होतो, नगारे वाजतात. पण वरची सगळी वाद्यं काय वाजवतात? नुसता पंचम. तोच, तोच, तोच. विजय की सक्तीची टाळी? ते लयीवर ठरतं, आणि गंमत म्हणजे छापील प्रतींतच लयीचे आकडे वेगवेगळे आहेत, जवळजवळ दुपटीचा फरक! बर्नस्टाइनचं १९५९ चं रेकॉर्डिंग सुसाट धावतं, तिथे जल्लोष आहे. म्राविन्स्की सावकाश जातो, आणि प्रत्येक पंचम हातोड्यासारखा पडतो. मी म्राविन्स्कीच्या बाजूचा. पण दोन्ही ऐका, लागोपाठ, शेवटची तीन मिनिटं.