उष्णता जाते कुठे? कंदील, इंजिन आणि पातळ लॅपटॉप

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या यंत्रयुगाचा इतिहास आपल्याकडे बहुधा कारखानदारांच्या चरित्रांतून लिहिला गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, धनजीशा कूपर, ओगले बंधू ही नावे त्यात ठळक आहेत आणि ती असायलाच हवीत. पण याच इतिहासाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. या मुलखातल्या माणसाच्या हाती जे जे यंत्र आले, त्याची उष्णता कुठे गेली आणि ती घालवताना आवाज किती झाला, हा प्रश्न धरून मागे गेले की आज घरोघरी ऐकू येणाऱ्या एका तक्रारीचा उलगडा होतो. नवा, पातळ, देखणा लॅपटॉप एवढा तापतो का, आणि त्याचा पंखा असा घोंगावतो का?

सुरुवात कंदिलापासून करू. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काचकारखाना सुरू झाला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रभर पोचला. कंदिलाला पंखा नसतो. ज्योतीने तापलेली हवा हलकी होऊन काचेतून वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा आपोआप ओढली जाते. उष्णता स्वतःच हवा खेळती ठेवते, तीही निःशब्द. हवेची वाट तुंबली की ज्योत धुरकटते, काच काजळते. घरातल्या बाईला यासाठी पदार्थविज्ञान शिकावे लागले नाही. काच पुसायची, जाळी मोकळी ठेवायची, वात बेताची ठेवायची, एवढे तिला ठाऊक होते. यंत्र काय मागते आहे ते डोळ्यांना दिसत होते.

कंदिलानंतर आले इंजिन. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून लोखंडी नांगर निघाले, पुढे पंप निघाले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. देशात तयार झालेल्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनांमध्ये त्यांच्या कारखान्याची गणना होते. १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. कृष्णा, कोयना, येरळा यांच्या काठच्या विहिरींवर मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली.

डिझेल इंजिनाचा हिशेब ढोबळ मानाने तिघांच्या वाटणीचा असतो. जळालेल्या तेलातली सुमारे एक तृतीयांश शक्ती कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या अंगात उष्णता म्हणून राहते. ती बाहेर काढली नाही तर पिस्टन जाम होतो. विहिरीवर यावर सोपा तोडगा होता. पंपाने उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार नळीने इंजिनाच्या आवरणातून फिरवायची आणि पुढे पाटात सोडायची. त्या कोमट पाण्यावर थंडीतल्या अंघोळी होत. इंजिनाची उष्णता कुठे जाते, हे पोराटोरांनाही हात लावून सांगता येई. आवाजही अंगवळणी पडलेला असे. ठोका बदलला, धूर काळा झाला, की मळ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला शेतकरी काम टाकून इंजिनाकडे धावे. त्याच्या दृष्टीने आवाज ही तक्रार नव्हती, ती बातमी होती.

मग वीज आली, आणि यंत्र पहिल्यांदा झाकले गेले. विजेच्या मोटरीच्या पाठीमागे पत्र्याच्या टोपीखाली छोटा पंखा असतो, तो तिच्याच दांड्यावर फिरतो. पाणबुडी मोटर तर विहिरीतच बुडालेली. भोवतीचे पाणी हीच तिची थंडाई, म्हणून पाणी खाली गेले की ती जळते. उष्णतेचा रस्ता आता नजरेआड गेला होता, तरी यंत्र उघडणारा मिस्त्री गावात होता.

लॅपटॉपमध्ये हा रस्ता पूर्ण झाकला गेला. इंजिन निदान एक तृतीयांश शक्ती पाणी उपसण्यात खर्च करते. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर सलग कामात साधारण १५ वॅट घेतो आणि थोड्या वेळाच्या जोरात ४० वॅटच्याही वर जातो. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब पेटता असताना हाताने काढून पाहिलेल्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. इथे तीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीतून निघते.

१९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत घरगुती संगणकाच्या प्रोसेसरला स्वतंत्र पंखा बहुधा नसे. पेंटियमच्या काळात तो नेहमीचा झाला. लॅपटॉपमध्ये उष्णता पंख्यापर्यंत नेण्याचे काम तांब्याची चपटी नळी करते. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशयानांसाठी या जातीच्या नळीवर काम केले. नळीत निर्वातात अगदी थोडे पाणी असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला तिचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत येते. विहिरीवरच्या इंजिनाचे पाणीच थेंबाच्या मापाने लॅपटॉपमध्ये आले, असे म्हणायला हरकत नाही.

२००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. २०११ पासून इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा शब्द रूढ केला. तेव्हापासून पातळपणा ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, आणि पंख्याची जागा आक्रसली. पंख्याचे गणित इथे निष्ठुर आहे. त्याच घडणीच्या पंख्याचा व्यास निम्मा केला, तर तेवढीच हवा ढकलायला त्याला आठपट वेगाने फिरावे लागते. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. कानाला तो दुपटीहून मोठा वाटतो. पातळ यंत्राचा घोंगाट ही बहुतेक वेळा बिघाडाची खूण नसते. जाडी कमी केल्याची ती किंमत असते.

त्यात आपले हवामान. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. हिवाळ्यात खोलीत २० अंश असतील तर उष्णतेला उतरायला ८० अंशांचा उतार मिळतो. सांगलीच्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत तो ६० वर येतो. म्हणजे तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही चौथाई कमी उष्णता काढतो. वर धूळ, कापडाचे तंतू, रस्त्याकडेची माती त्या बारीक पात्यांत साठते. मग यंत्र रखडते आणि घरात निकाल लागतो, ‘जुना झाला, नवा घ्या.’

इथे खरा प्रश्न आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. अशा ठिकाणी खेड्यातून येणाऱ्या मुलाचा लॅपटॉप पुष्कळदा हप्त्यावर घेतलेला असतो. तो टाकून देण्याआधी इंजिनवाल्या आजोबाने जे केले असते तेच करावे, म्हणजे कान द्यावा. नुसता वाऱ्यासारखा घोंगाट असेल तर पंखा काम करतो आहे. मागे कोणता प्रोग्राम उगाच राबतो आहे ते पाहावे, वीज वाचवणारी सेटिंग निवडावी. घरघर किंवा खरखर असेल तर बेअरिंग झिजले आहे किंवा कचरा अडकला आहे. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवू नये, कारण हवा बहुधा तळातून आत जाते. मागची कड दोन बोटे उचलली तरी फरक पडतो. जाळी साफ करताना पंखा अडवून धरावा, हवेच्या झोताने तो गरगरा फिरू देऊ नये. चारपाच वर्षांत प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधला लेप वाळतो. तो बदलणे जाणत्या कारागिराचे तासाभराचे काम आहे.

पंखाच नसलेले लॅपटॉपही आता मिळतात, २०२० चा मॅकबुक एअर त्यांपैकी एक. त्यात सगळे अंगच उष्णता सोडते, कंदिलासारखे निःशब्द. मात्र जड काम लांबले की वेग उतरतो. वात मोठी करायची सोय तिथे नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याआधीची पायरी दुकानातच आहे. किती पातळ, किती हलका हे विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारावेत. हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर पडते, आणि मागचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का? विहिरीवर इंजिन घेणाऱ्या माणसाने हे विचारल्यावाचून इसार दिला नसता.