फडताळाचा रंग आणि रंगारी

परतवाड्याचें नांव निघालें कीं वऱ्हाडांतील माणसाच्या मनांत दोन गोष्टी सहज येतात. एक चिखलदऱ्याची वाट आणि दुसरी सागवान. मेळघाटच्या डोंगरांतून उतरणारें लाकूड येथील आगारांत लागावें, त्यावर हातोड्याचा शिक्का पडावा आणि लिलावांत तें दूरदूरच्या व्यापाऱ्यांनीं उचलावें, असा या गांवाचा जुना परिपाठ आहे. ज्या गांवाच्या वेशीशीं साग येऊन पडतो, तेथील घरांत स्वयंपाकाच्या खोलींतील फडताळ सागाचें असावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें निराळेंच. त्या फडताळाला रंग देण्यासाठीं जो कारागीर आपण बोलावतों, त्याच्याविषयीं आपणांस फारच थोडें ठाऊक असतें. सुताराची परंपरा आपण सांगूं शकतों, लोहाराची व कुंभाराचीही सांगूं शकतों. परंतु लाकडाला रंग देणारा हा मनुष्य आपल्या घरांत केव्हां शिरला, त्याच्या डब्यांत काय असतें आणि त्याच्याशीं करार करतांना आपण वारंवार कां फसतों, या प्रश्नांचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज आपण तो थोडासा करूं.

प्रथम जुनें स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणावें. मातीच्या रुंद भिंती, त्यांत दिवळ्या व कोनाडे, आढ्याला टांगलेलें शिंकें, कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड, धान्यासाठीं कोठी किंवा कणगी, आणि भिंतीच्या जाडींतच बसविलेलें दोन दारांचें फडताळ. या सर्व परिवारांत लाकूड काय तें फडताळाला व मांडणीला. त्याला रंग कोणी देत नसे. चुलीचा धूर व हातांचें तेल हाच त्याचा रंग. वर्षानुवर्षें धूर खाऊन साग काळसर होई आणि तें काळेपण कोणाच्या डोळ्यांना खुपत नसे. भिंतीला पांढरी माती व जमिनीला शेण हें घरच्या बायकांचें काम होतें. यासाठीं बाहेरचा मनुष्य बोलावून त्याला मजुरी द्यावी, ही कल्पनाच त्या घराला परकी होती.

‘रंगारी’ हा शब्दही त्या काळीं आजच्या अर्थाचा नव्हता. रंगारी म्हणजे कापड रंगविणारा. रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत रंगारी ही कापड रंगविण्याचा धंदा करणारी जात म्हणूनच नोंदलेली आहे. आलाच्या मुळाचा तांबडा रंग आणि निळीचा निळा रंग हें या लोकांचें भांडवल होतें. १८६९ च्या सुमारास युरोपांत अलिझरीन हा तांबडा रंग कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागला, पुढें कृत्रिम नीळही आली, आणि शेतांत पिकणाऱ्या रंगांचा बाजार बसला. धंदा गेला, परंतु नांव राहिलें. आणि तेंच नांव पुढें भिंती व दारें रंगविणाऱ्याला मिळालें. लाकडावर रंगकाम करणारे खरे जुने कारागीर म्हणजे चितारी. नागपूरची चितारओळ त्यांच्या नांवाची साक्ष आजही देते. तिकडे कोंकणांत सावंतवाडीला संस्थानिकांच्या आश्रयाखालीं चिताऱ्यांनीं लाखेच्या रंगाचे पाट, खेळणीं आणि गंजिफा बनविण्याची कला वाढविली. पण चिताऱ्याचें काम शोभेचें, देवघराचें व लग्नकार्याचें होतें. फडताळाच्या दारांवर तो वळत नसे.

येथें एक महत्त्वाचा मुद्दा लक्षांत घ्यावा. आपल्या गांवगाड्यांत सुतार हा बलुतेदार असे. वऱ्हाडांत ज्याला वाढई असेंही म्हणतात तो हा सुतार शेतकऱ्याचीं आउतें नीट ठेवी आणि सुगीला खळ्यावरून आपला वांटा नेई. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या आपल्या ‘गांवगाडा’ या पुस्तकांत ही व्यवस्था तिच्या गुणदोषांसह विस्तारानें वर्णिली आहे. बलुत्यांत अन्याय पुष्कळ होता, त्याचें गोडवे गाण्याचें कारण नाहीं. परंतु काम वाईट झालें तर पुढल्या सुगीला तोंड दाखवावें लागेल, हा धाक कारागिराला होता. आणि मजुरी बुडविली तर नांगर दुरुस्त होणार नाहीं, हा धाक मालकालाही होता. बलुतेदारांच्या प्रचलित यादींत लाकूड रंगविणारा मनुष्य कोठेंच नाहीं. तो पहिल्यापासून रोख पैशाचा, एका कामापुरता, अनोळखी असा आला. म्हणून त्याच्याशीं आपला व्यवहार दर वेळीं नव्यानें सुरू होतो आणि दर वेळीं घासाघिशींत संपतो.

तो आला कोठून? परतवाड्यापुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाचा धागा छावणीकडे जातो. एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर. ही वऱ्हाडची जुनी राजधानी, इमादशाहीचें व नंतर नबाबांचें शहर. आणि तिच्या शेजारीं परतवाडा ही निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी. या फौजेच्या खर्चासाठींच १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झाला, हें इतिहासाच्या वाचकांस माहीत आहे. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि १९०५ सालीं एलिचपूर जिल्हाही उमरावती जिल्ह्यांत मिळविण्यांत आला. पण छावणी, डाकबंगला, कचेरी आणि रेल्वेचें स्टेशन या संस्थांनीं देशभर एक नवी रीत रुजविली. लाकूड उघडें ठेवूं नये, ठराविक मुदतीनें त्याला तेलरंगाचे हात द्यावे, आणि हें काम ठेक्यानें द्यावें, ही ती रीत. सरकारी इमारतीच्या दारांवरील तो तुळतुळीत हिरवा किंवा तपकिरी रंग पाहून वकिलाच्या, डॉक्टराच्या व व्यापाऱ्याच्या घरींही तो हवासा वाटूं लागला. दिवाणखान्याच्या दारांवरून तो हळूहळू स्वयंपाकघराच्या फडताळापर्यंत पोंचला.

या तेलरंगाचा आत्मा म्हणजे जवसाचें तेल. जवस हें आपल्या विदर्भाचें रब्बीचें पीक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतून जवस जहाजें भरभरून विलायतेस जाई आणि तेथून त्याच तेलांत घोटलेला रंग डब्यांत भरून परत येई. कापसाची कथा आपण शंभर वेळां ऐकली आहे. जवसाची कथा तिचीच धाकटी बहीण होय. पुढें येथेंही कारखाने निघाले. १९०२ सालीं कलकत्त्याजवळ हावड्यास शालिमार, १९२० सालीं मुंबईस लोअर परळला गहागन पेंट्स, म्हणजे ज्याला आपण आज नेरोलॅक म्हणतों तो, आणि १९४२ सालीं, महायुद्धामुळें परदेशी रंगाची आयात अडली असतां, मुंबईच्या चार मित्रांनीं काढलेला एशियन पेंट्स. या शेवटल्या मंडळींनीं लहान डबे करून ते लहान गांवांच्या दुकानांत पोंचविले, तेव्हां तेलरंग ही केवळ सरकारी व श्रीमंती वस्तु राहिली नाहीं.

आतां डब्यांत काय होतें तें पाहूं, कारण खरा प्रश्न तेथें आहे. तेल हें रंगाला धरून ठेवणारें द्रव्य. त्यांत पांढरेपणा आणण्यासाठीं सफेता घालीत. सफेता म्हणजे शिशाचें एक लवण. अस्तराच्या हातांत सफेत्याबरोबर शेंदूर मिसळीत, त्यामुळें तें अस्तर गुलाबी दिसे; आणि शेंदूर हाही शिशाचाच. पिवळ्या रंगांत, आणि त्या पिवळ्यांत निळा मिसळून केलेल्या हिरव्या रंगांत लेड क्रोमेट असे, म्हणजे पुन्हा शिसेंच. शिशानें रंग लवकर वाळतो, टिकतो व झांकतोही चांगला; म्हणून कारागिराला तें प्रिय. परंतु शिसें हें विष आहे. तें पोटांत किंवा श्वासावाटे गेलें तर लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि मोठ्यांचें रक्त, मूत्रपिंड व मज्जातंतु बिघडतात. याची अमुक इतकी मात्रा निर्धोक, असें म्हणतां येत नाहीं, हें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे.

हें जगाला उशिरा कळलें असें नाहीं. १९२१ सालींच जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घराच्या आंतील रंगकामांत सफेता वापरूं नये असा करार मंजूर केला होता. त्याच सुमारास टायटॅनियमचा निरुपद्रवी पांढरा रंग बाजारांत येऊं लागला होता. त्याची काळी वाळू आपल्या त्रावणकोरच्या व रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पडलेली आहे. तरीही अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर बंदी १९७८ सालीं आली. आणि आपल्याकडे दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक शिसें नसावें, हा नियम २०१६ सालीं होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. म्हणजे त्यापूर्वीं रंगविलेल्या फडताळावर शिशाचा थर असण्याचा संभव धरूनच चालावें. तो थर जोंवर शाबूत आहे तोंवर धोका थोडा. पण रंगारी येतो, कोरडा काचकागद घांसूं लागतो, आणि ती पिठासारखी बारीक धूळ डाळीच्या डब्यांवर, रांगत्या मुलाच्या हातांवर व खुद्द त्या रंगाऱ्याच्या छातींत जाऊन बसते. घरच्यांना ती दोन दिवस लागते. त्याला ती जन्मभर लागते. म्हणून जुना रंग कोरडा कधीं घांसूं देऊं नये. पाणी मारून घांसावा, खोलींतील धान्य व भांडीं आधीं हलवावीं, मुलांना व गरोदर बायकांना त्या दिवसांत तेथें फिरकूं देऊं नये, आणि झाडूऐवजीं ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. जुना रंग दिव्याच्या ज्योतीनें जाळून काढणें तर त्याहून वाईट, कारण मग शिशाची वाफ होते.

सागाची आणखी एक अडचण आहे, ती परतवाड्याच्या गृहिणीस ठाऊक असणें विशेष जरूर. सागांत निसर्गतःच एक तेलकट द्रव्य असतें. त्यामुळें त्याला वाळवी सहसा लागत नाहीं, पण त्याच द्रव्यामुळें तेलरंग लवकर वाळत नाहीं व पुढें पापुद्रे सुटतात. म्हणून नवा साग प्रथम स्पिरिटानें पुसून घ्यावा लागतो. जुन्या फडताळावर फोडणीच्या वाफेचा चिकट थर असतो, तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें काढावा लागतो. मग लाकूड पुरतें सुकल्यावर अस्तर, मग खांचांत लांबी, मग घांसणी, मग पातळ असे दोन हात. एका हातानें दोन हातांचें काम होत नाहीं. चपडा लाखेचें पॉलिश दिवाणखान्याच्या खुर्चीस शोभतें, पण स्वयंपाकघरांत ऊन भांडें टेकलें कीं त्यावर पांढरें वर्तुळ उमटतें. तेलाचा पांढरा रंग फडताळाच्या आंत, अंधारांत, पिवळा पडतो. आंत तो देऊंच नये. आणि जवसाचें तेल हें उडून जाऊन वाळत नाहीं, तें हवेंतील प्राणवायु ओढून घट्ट होतें व त्या क्रियेंत तापतें. म्हणून तेलाचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत, तीं आपोआप पेट घेऊं शकतात. भरपावसांत काम काढूं नये. दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस उत्तम.

आतां कराराचें. वरील यादींत पाहण्यासारखी मौज ही कीं, धुणें, पुसणें, अस्तर, लांबी व घांसणी यांपैकीं कांहींच शेवटीं दिसत नाहीं. दिसतो तो वरचा हात. उक्तें काम देऊन आपण सर्वांत कमी आंकडा सांगणाऱ्यास बोलावतों, आणि त्या आंकड्यांत पोट भरावयाचें म्हणून तो न दिसणारें तेवढें गाळतो. वर्षानें रंग सोलला म्हणजे आपण त्याला लबाड म्हणतों. लबाडी असेलही, पण तिचा अर्धा वांटा आपल्या घासाघिशीचा आहे. यावर उपाय अवघड नाहीं. त्याचें ताजें काम पाहूं नये. दोन पावसाळे पाहिलेलें काम पाहावें, आणि दाराच्या बिजागरीजवळ व खालच्या कडेला पाहावें. माल आपण आणावा, आणि डब्यावर शिशाविषयीं काय छापलें आहे तें वाचून आणावा. किती हात, अस्तर कोणतें, वाळण्यास किती दिवस, हें कागदावर लिहावें. इसार थोडा द्यावा, अस्तर पाहून दुसरा हप्ता द्यावा, आणि शेवटचा हप्ता काम संपतांच हातावर ठेवावा. त्याला चार फेऱ्या घालावयास लावूं नये. तोंडाला बांधावयास चांगलें फडकें, हात धुण्यास साबण आणि जेवावयास रंगापासून दूर जागा, एवढें आपल्या घरीं त्याला मिळालेंच पाहिजे.

बलुत्याचे दिवस गेले, ते परत येणार नाहींत व येऊंही नयेत. पण त्यांत जो परस्परांचा धाक होता त्याच्या जागीं परस्परांचा विश्वास आणणें आपल्या हातीं आहे. ज्या फडताळांत आपण मुलांचें दूध व घरचें धान्य ठेवतों, त्याच्या रंगाविषयीं तरी निदान स्वस्ताईचा विचार शेवटीं करावा, आणि जो मनुष्य तो रंग देतो त्याच्या छातीचा विचार आधीं करावा.