दुब्रोव्हनिक

क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला, एड्रियाटिक समुद्रकाठी वसलेले तटबंदीचे ऐतिहासिक शहर व बंदर. जुने नाव रागुझा. लोकसंख्या सुमारे ४१ हजार (२०२१). पैकी तटाच्या आत राहणारे आता फार थोडे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुन्या शहराचा समावेश १९७९ मध्ये झाला. वेशीतून कोणी, केव्हा आणि किती जणांनी आत यायचे यावर नजर ठेवणे हा या शहराच्या कारभाराचा जुना भाग आहे. आज पर्यटकांच्या लोंढ्यामुळे तोच प्रश्न नव्याने उभा असून भेटीचे नियोजनही त्याभोवतीच करावे लागते.

स्थान व रचना : शहराच्या पाठीशी ४१२ मी. उंचीचा सर्ज डोंगर आणि पुढे खुला समुद्र आहे. पश्चिमेकडील पिले व पूर्वेकडील प्लोचे या दोन मुख्य वेशी. त्यांच्या दरम्यान सुमारे ३०० मी. लांबीचा स्त्रादून हा सरळ, फरसबंदी रस्ता आहे. पूर्वी येथे उथळ खाडी होती. ती बुजवल्यावर बेटावरची वस्ती व किनाऱ्यावरची वस्ती एक झाली. स्त्रादूनवरची चुनखडीची फरशी शतकानुशतकांच्या वर्दळीने काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. पावसात ती निसरडी होते, तेव्हा चामडी तळाचे बूट टाळावेत. स्त्रादूनच्या दोन्ही बाजूंना अरुंद गल्ल्या असून त्यांतील बऱ्याच पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतात. जुन्या शहरात मोटारींना मज्जाव आहे.

इतिहास : परंपरेनुसार सातव्या शतकात, जवळच्या एपिडॉरम (आजचे त्सावतात) येथून आलेल्या निर्वासितांनी हे गाव वसवले. १२०५ ते १३५८ या काळात त्यावर व्हेनिसचे वर्चस्व होते. त्यानंतर हंगेरीच्या राजाचे व पुढे ऑटोमन सुलतानाचे नाममात्र आधिपत्य मान्य करून रागुझाने आपला कारभार आपल्याच हाती ठेवला. सुलतानाला दरवर्षी १२,५०० डुकॅट खंडणी देऊन येथील व्यापाऱ्यांनी बाल्कन प्रदेशातील व्यापाराच्या सवलती मिळवल्या. प्रजासत्ताकाच्या प्रमुखाची, म्हणजे रेक्टरची, मुदत अवघी एक महिना असे. त्या महिन्यात राज्याच्या कामाखेरीज त्याला प्रासादाबाहेर पडता येत नसे. रात्री वेशी बंद झाल्या की किल्ल्या त्याच्याकडे जमा होत.

१३७७ मध्ये येथील मंडळाने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस त्सावतात किंवा जवळच्या बेटांवर थांबण्याचा आदेश दिला. कायद्याने घातलेले विलगीकरण म्हणून हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक मानतात. पुढे प्लोचे वेशीबाहेर त्यासाठी लाझारेती ही इमारतींची रांग बांधण्यात आली. ती अजून उभी आहे. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली.

६ एप्रिल १६६७ रोजीच्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला. आज दिसणारी सारख्या उंचीची, बरोक वळणाची घरे बहुतांशी त्यानंतरची आहेत. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात शिरले व १८०८ मध्ये प्रजासत्ताक बरखास्त झाले. १८१५ नंतर शहर ऑस्ट्रियाकडे गेले. युगोस्लाव्हियाच्या विघटनाच्या युद्धात ऑक्टोबर १९९१ पासून शहराला वेढा पडला. ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सर्वांत भीषण होता. जुन्या शहरातील दोन-तृतीयांशाहून अधिक इमारतींना तोफगोळ्यांचा फटका बसला. १९९१ ते १९९८ या काळात हे स्थळ धोक्यातील वारशाच्या यादीत होते. तटावरून पाहताना छपरांत दोन रंग दिसतात. फिकट पिवळसर-तपकिरी कौले जुनी आणि भडक नारिंगी कौले युद्धानंतरची. भडक कौलांचे प्रमाण पाहिले की नुकसानीची व्याप्ती ध्यानात येते.

तटबंदी : तटाचा वेढा १,९४० मी. असून उंची काही ठिकाणी २५ मी. पर्यंत आहे. जमिनीकडील भिंत ४ ते ६ मी. जाड, तर समुद्राकडील १.५ ते ३ मी. वायव्य कोपऱ्यातील मिंचेता बुरूज हा तटाचा सर्वांत उंच भाग. मिकेलोत्झो या फ्लोरेन्सच्या वास्तुकाराने त्याचे काम हाती घेतले व युराय दाल्मातिनात्स याने ते १४६४ मध्ये पुरे केले. बोकार, सेंट जॉन व रेव्हेलिन हे अन्य बुरूज-किल्ले.

पिले वेशीबाहेर ३७ मी. उंच कड्यावर लोव्हरियेनात्स हा स्वतंत्र किल्ला आहे. त्याच्या समुद्राकडील भिंती १२ मी. पर्यंत जाड आहेत. शहराकडील भिंत मात्र जेमतेम ६० सें.मी. किल्लेदार फितूर झालाच तर शहरातून तोफा डागून ती पाडता यावी, हा हेतू. शत्रूइतकाच आपल्या माणसांवरही लक्ष ठेवणारी ही व्यवस्था रेक्टरच्या एका महिन्याच्या मुदतीशी मिळतीजुळती आहे.

प्रेक्षणीय स्थळे : पिले वेशीच्या आत लगेच ओनोफ्रियोचे मोठे कारंजे (१४३८) लागते. सुमारे १२ कि.मी. वरून नळाने आणलेले पाणी त्याच्या सोळा मुखांतून पडे. आजही ते पिण्याजोगे असून बाटली येथेच भरून घ्यावी. समोरच्या फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ पासूनचे आहे. स्त्रादूनच्या दुसऱ्या टोकाला भूकंपातून वाचलेला स्पोन्झा प्रासाद, रेक्टरचा प्रासाद आणि नगरीचे संरक्षक संत ब्लेझ यांचे चर्च आहे. याच संतांच्या नावाचे चर्च गोव्यात ओल्ड गोव्याजवळ गवंडाळी येथेही असून सोळाव्या शतकात आलेल्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतील राजधानीचे बरेच चित्रण दुब्रोव्हनिकमध्ये झाल्याने त्या ठिकाणांच्या वेगळ्या सहलीही निघतात. जुन्या बंदरातून लोक्रुम बेटावर होडीने पाव तासात जाता येते. तेथे मुक्कामाला परवानगी नाही. सर्ज डोंगरावर तारेवरची गाडी (केबल कार) जाते. माथ्यावरील नेपोलियनकालीन किल्ल्यात १९९१ च्या युद्धाचे संग्रहालय आहे.

भेटीचे नियोजन : मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, दर चढे व गर्दी सर्वाधिक. १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात १९५० पासून चालत आलेला संगीत-नाट्य महोत्सव असतो. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझ यांचा उत्सव होतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस फार.

गर्दीचे मुख्य कारण क्रूझ जहाजे. २०१९ पासून एका वेळी दोन जहाजे व चार हजार प्रवासी या मर्यादेचे धोरण आहे. जहाजांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. ते पाहून दिवस ठरवावा. जहाजातले प्रवासी साधारणपणे सकाळी उशिरा येतात व संध्याकाळपूर्वी परततात. म्हणून तटावर सकाळी उघडताच किंवा बंद होण्याच्या दोन तास आधी चढावे. फेरी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. तिला दीड-दोन तास लागतात आणि वाटेत सावली कमी. टोपी व पाणी बरोबर हवे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार आधी करावा. तटाचे प्रवेशशुल्क बरेच असल्याने तट, संग्रहालये व शहर बस यांचा एकत्रित ‘दुब्रोव्हनिक पास’ सहसा परवडतो.

विमानतळ शहरापासून सुमारे २० कि.मी. वर असून रेल्वे नाही. स्प्लिटहून बस किंवा हंगामात बोट मिळते. तटाच्या आत मुक्काम केल्यास सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागते. ग्रुझ वा लापाद भागात राहून बसने पिले वेशीपर्यंत येणे सोपे व स्वस्त पडते. शाकाहारींना पिझ्झा-पास्ताखेरीज बटाटा घातलेली ब्लिटवा ही पालेभाजी व रोझाता हे कस्टर्ड मिळते. मासे खाणाऱ्यांनी स्तोनचे कालव चाखावेत.

क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ रोजी युरो स्वीकारला व त्याच दिवशी शेंगेन क्षेत्रात प्रवेश केला; भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. येथून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींपैकी कोतोर माँटेनेग्रोत आणि मोस्तार बोस्नियात आहे. ही दोन्ही ठिकाणे शेंगेनबाहेर आहेत. व्हिसा एकाच प्रवेशाचा असल्यास तेथे गेलेल्या प्रवाशाला परत दुब्रोव्हनिकला येता येणार नाही. या सहली करायच्या असतील तर अर्ज करतानाच बहुप्रवेश व्हिसा मागावा. स्प्लिटहून रस्त्याने येताना पूर्वी बोस्नियाच्या नेउम पट्ट्यातून जावे लागे. २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून तो पट्टा टाळता येतो. मात्र काही बस अजूनही नेउममार्गे जात असल्याने तिकीट काढण्यापूर्वी मार्ग विचारून घ्यावा.