बॅरल

नांदूरघाटपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. तरी माशावर लिहितोय, कारण माझी नोकरी माग काढण्याची आहे. माल भरलेला ट्रक कुठे पोचला, हे मोबाईलच्या नकाशावर दाखवणारा कोड मी लिहितो. मग एकदा प्रश्न पडला, समुद्रातला मासा कुठे जातो हे माणसाला कसं कळायला लागलं?

व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटरच्याही पुढे वाढतो आणि खातो मात्र पाण्यात तरंगणारे बारीक जीव. नावात व्हेल असलं तरी ही कल्ल्यांनी श्वास घेणारी मुशीच. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ती दर मोसमात येते. नव्वदच्या दशकात तिथे तिची शिकार जोरात चालायची. यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायचं, मांस परदेशी पाठवायचं. शिकारी तिच्या अंगात मोठा आकडा अडकवत आणि त्याच्या दोराला रिकामी पिंपं बांधत. मासा खोल जायला बघे, पिंपं त्याला वर ओढत. तो कुठे आहे, हेही त्या पिंपांवरूनच कळे. शेवटी मासा दमे. त्यावरून तिकडे त्याचं नावच पडलं ‘बॅरल’.

त्याच्या आधीची, 1982 सालची गोष्ट, स्कॉटलंडमधली. इमांट्स प्रीड या शास्त्रज्ञानं एका बास्किंग शार्कला दोरीनं तरंगता ट्रान्समीटर बांधला. हाही प्रचंड मासा आणि बारीक जीवांवरच जगणारा. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, म्हणून मासा पृष्ठभागाजवळ आला की ट्रान्समीटर वर निघायचा आणि उपग्रहाला संदेश जायचा. 17 दिवस त्याचा माग लागला.

हे वाचून मी चमकलो. वर तरंगणारी वस्तू, मध्ये दोर, खाली मासा. पिंपाची आणि ट्रान्समीटरची रचना एकच होती.

28 मे 2001 रोजी भारतानं व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. पण कायदा भर समुद्रात होडीवर थोडाच हजर असतो? 2004 पासून गुजरातमध्ये मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही माहेरी आलेली लेक आहे. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. जाळ्यात अडकलेली व्हाली सोडवण्यासाठी कोळी स्वतःचं जाळं कापू लागले. 2011 मध्ये सूत्रापाड्याजवळ अशाच एका माशाला उपग्रह टॅग लागला.

आपल्याकडे 2018 च्या अखेरीस कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागानं अशीच योजना आणली. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं, तर जास्तीत जास्त 25,000 रुपये भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा. म्हणजे होडीवरचा साधा मोबाईलही आता या माशाची नोंद ठेवतो. पण जाळं त्याहून महाग असू शकतं, आणि त्या दिवशी हातची गेलेली मासळी वेगळीच.

ऑफिसात आम्ही नकाशावरच्या ठिपक्याची अचूकता मोजतो. तो ठिपका कोणाच्या खर्चानं तिथे उमटला, हा रकाना आमच्या तक्त्यात नाही. व्हालीच्या बाबतीत तो खर्च बऱ्याचदा एका कोळ्यानं केलेला असतो, स्वतःचं जाळं कापून.